एकेचाळीस नंबरची पिशवी

सोम., १० एप्रिल

मशीनची सुई आज दुसऱ्यांदा मोडली. जाड कापडाला बारीक सुई चालत नाही हे तीनदा सांगून झालं. शेवटी उद्या घरचीच नेणार. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता अन्नपेढीच्या गोडाऊनमध्ये पिशव्यांना ठिगळं लावते. हे म्हणाले, "बरं आहे. पिशव्या निदान उलटून बोलत नाहीत."

परत आलेल्या पिशव्या झटकल्या, सहा शिवल्या. नियम चांगला आहे आमचा: महिन्याची भरलेली पिशवी हवी तर आधीची रिकामी परत द्यायची. कापड वाया जात नाही. नंबर मीच घातलेत, लाल दोऱ्याने. एक नंबर म्हणजे डोंगरातल्या वाडीवरचं एक घर. एकही घर पाहिलेलं नाही, नंबर मात्र सगळे पाठ.

४१ नेहमीसारखी. धुतलेली, चार घड्या, आणि आत एका कोपऱ्याला गाठ मारून मूठभर नाचणी. गाठ अशी घट्ट की नखं दुखतात. बाकीच्यांतही काही ना काही निघतंच. करवंदं, हिरडे, सुटी नाचणी, वरई. करवंदं हमालांनी खाल्ली. धान्य पत्र्यावर कबुतरांना टाकलं.

गुरु., १३ एप्रिल

मार्केट यार्डातून आज तांदूळ आला. फुटकी कणी, पण स्वच्छ. डाळीच्या व्यापाऱ्याने या महिन्यात हात आखडता घेतला. श्रुती (आमची सगळी व्यवस्था पाहणारी, आयटीतली नोकरी सोडून आलेली) फोनवर गोड बोलून बोलून थकली. पोरगी मेहनती आहे. मराठी ऐकवत नाही, पण मेहनती.

अंगणवाडीच्या ताईंचा निरोप: वाडीवरची मुलं आता दुपारी वर्गात झोपत नाहीत. इतकंच. हे ऐकून दिवसभर बरं वाटत होतं.

मंगळ., २ मे

संताप.

गोडाऊनमध्ये सोंडे झाले. तांदळाच्या आठ पोत्यांतून किडे चालताहेत. सकाळपासून सगळं ताडपत्रीवर ओतून उन्हात. माझ्या डोक्यावर ओला टॉवेल, पाठीचा काटा ढिला. किडे आले कुठून ते मी शोधून काढलं: परत आलेल्या पिशव्यांचा ढीग तांदळाला लागूनच असतो, आणि त्या पिशव्यांत सुटं धान्य. नाचणीतून, वरईतून तांदळात. सांगून सांगून जीभ झिजली की पिशव्या झटकून पाठवा. कोण ऐकतंय.

ज्या नऊ पिशव्यांत हमखास धान्य येतं त्यांचे नंबर रजिस्टरमध्ये लिहिले. ४१ पण. तिची गाठ आजही होतीच, सोडवायचा वेळ नव्हता, कात्रीने कोपरा कापला आणि धान्य पत्र्यावर भिरकावलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "या पिशव्यांतून धान्य परत येते. गरज तपासावी." खाली सही.

निबंध लिहायची मला सवय नाही.

शुक्र., ५ मे

तांदूळ वाचला. पाठ गेली. ४१ चा कापलेला कोपरा शिवला.

सोम., १५ मे

श्रुती टेबलापाशी आली. "काकू, तुमचा रिमार्क सुपर युजफुल होता. ती नऊ सरप्लस घरं लिस्टमधून काढली. वेटिंगवरची नऊ घेतली."

खरं सांगायचं तर आनंद झाला. कुणीतरी रजिस्टर वाचतं म्हणजे. शाळेत बत्तीस वर्षं शेरे लिहिले, एकाही पालकाने वाचले नसतील.

आता आगोटीची तयारी. पाऊस धरला की वाडीचा रस्ता बंद, टेम्पो वर चढत नाही. म्हणून मेअखेरीस एकदम तीन महिन्यांचं धान्य पोचवायचं. घरटी तीन-तीन पिशव्या. शिवणकाम दुप्पट.

बुध., १७ मे

हे लिहायला हात होत नाही. लिहितेच.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या लेले वहिनींचा डबा परत द्यायचा होता. परवा त्यांनी आंबाडाळ पाठवली होती. डबा घासला, पुसला आणि सवयीने साखरेच्या डब्यात चमचा घातला. रिकामं भांडं परत देऊ नये. आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. दोन चमचे साखर घालायची, नाहीतर एखादं फळ. काही नसलं तर फूल.

चमचा हातात राहिला.

मूठभर नाचणी. कोपऱ्याला गाठ मारून, सांडू नये म्हणून. करवंदं. हिरडे.

ती माणसं आमचं भांडं रिकामं परत देत नव्हती.

हे म्हणाले, "काय झालं? साखर संपली का?" मी खाली बसले. सांगितलं. ह्यांनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं असं तर म्हणता येणार नाही."

नाहीच येत. मला माहीत होतं. पण ही रीत शेजाऱ्यांची. देणारा-घेणारा बरोबरीचा असतो तिथली. आम्ही त्या लोकांचे शेजारी आहोत हे मला सुचलंच नाही.

गुरु., १८ मे

श्रुतीला सगळं सांगितलं. तिने डोळे मोठे केले. तिच्या घरी डबे परत जातात की नाही कोण जाणे, घरी सगळं मागवूनच खातात. पण समजली.

विचारलं, "नावं काढण्याआधी तपासलं कुणी?"

"काकू, तुम्ही लिहिलं होतंत ना."

"मी लिहिलं होतं, तपासावी."

"हो, पण तुमची सही होती. मला वाटलं, काकूंनी लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असणार."

तिच्यावर ओरडणार होते. शब्द माझे, सही माझी, दरारा माझा. वर्गात कुणी उलट विचारायचं नाही अशी मी बाई होते, त्याचं फळ.

शुक्र., १९ मे

टेम्पोचा ड्रायव्हर ज्ञानोबा. कात्रजच्या पलीकडचा, गाव आता शहरात गेलंय, बोलणं गेलेलं नाही. दहा वर्षांपासून त्या रस्त्याला आहे. त्याला विचारलं, ४१ म्हणजे कोण?

"ठकूबाई, बाई. पार टोकाचं घर. पोरगं गेल्या पावसात वीज पडून गेलं. सून हाय, तीन लेकरं हायती. रेशन न्हाई मिळत."

"का?"

"कार्ड पोराच्या नावावर, सुनेचं नाव त्यात चढलंच न्हाई. म्हातारीचा अंगठा मशीनीवर उठत न्हाई. कामानं रेघाच ऱ्हायल्या न्हाईत बोटावर."

मग मी नाचणीचं विचारलं. तो हसला. "ती बियाची नाचणी हाय बाई. मडक्यात राखून ठिवत्यात. खायाची न्हाई. लेकरू रडलं तरी त्यातली काढायची न्हाई. पिशवीत मातर घालत्यात. दुसरं हाय काय घरात?"

घरी येऊन जेवले नाही. दर महिन्याला मूठ मूठ बियाणं, आणि मी ते कबुतरांना टाकत होते. पुण्यातल्या कबुतरांना काही कमी आहे का.

मंगळ., २३ मे

अन्नपेढीच्या समितीची बैठक. मी कागदावर लिहून नेलं होतं. वाचून दाखवलं. चूक माझी, शेरा माझा, नऊ घरं परत घ्या.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ. चष्मा काढून ऐकलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं पटतं. पण ज्या नऊ घरांना आपण नव्याने घेतलं, त्यांना आता काय सांगायचं? तीही उपाशीच आहेत. तुम्ही सांगाल का त्यांना?"

मी कागदाची घडी घातली.

"जास्तीच्या नऊ घरांचं तीन महिन्यांचं धान्य गोडाऊनमध्ये नाही. पावसाळा संपला की पहिली नावं यांची."

कुणी दुष्ट असता तर भांडता आलं असतं. खोलीत एकही दुष्ट माणूस नव्हता. चहा आला. प्यायले.

शनि., २७ मे

आगोटीची फेरी गेली. पहाटेपासून भरणी, ज्ञानोबा आठला निघाला. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी होते. नऊ रिकाम्या पिशव्या माझ्या टेबलाखाली, ४१ सगळ्यात वर.

सोम., २९ मे

ज्ञानोबा सांगत होता, मी ऐकत होते. मीच विचारलं होतं.

नऊही घरच्या बायका रांगेत येऊन उभ्या राहिल्या. निरोप कुणी दिलाच नव्हता त्यांना. नावं वाचली, यांची आली नाहीत. उभ्याच राहिल्या. शेवटी टेम्पो रिकामा झाला तेव्हा ठकूबाई पुढे आली आणि म्हणाली, "माजी पिशवी आली न्हाई का? म्या तर धुऊन दिल्याली."

"तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, फुडल्या टायमाला येईल. काय सांगनार बाई? पुढचा टाइम कवा हाय ते तिलाबी ठावं हाय."

तिला वाटतंय, पिशवी नीट धुतली नाही म्हणून नाव गेलं.

बुध., ३१ मे

ठरवलं. संस्थेकडे नसेल तर मी जमवते. सोसायटीतल्या बावीस दारांच्या घंटा वाजवल्या. लेले वहिनींनी न विचारता दहा किलो तांदूळ दिला. तिसऱ्या मजल्यावरच्याने विचारलं, "पावती मिळेल का?" म्हटलं, मिळेल, तुमच्या दारावर चिकटवते. एका घरातून मुदत संपलेले नूडल्स मिळाले. त्यांचे त्यांना परत दिले, आणि बजावलं की रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात म्हणून जसंच्या तसं आणलंय. चिडले. चिडू देत.

ह्यांनी काही न बोलता स्कूटर काढली आणि यार्डातून डाळ, गूळ, मीठ आणलं. तीन खेपा. या वयात.

शनि., ३ जून

जमलं ते नऊ घरांत वाटलं तर तीन आठवडे पुरेल. काटकसरीने महिना. तीन महिने नव्हे. पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेवढंच.

ज्ञानोबा उद्याची सुटी मोडून येणार. स्वतःच म्हणाला. श्रुतीने टेम्पोची किल्ली दिली आणि म्हणाली, "काकू, हे ऑफिशियल नाहीये हं." मग डिझेल स्वतः भरून आली.

रवि., ४ जून

आत्ताच आले. अंग ठणकतंय, पण आज लिहिलं नाही तर उद्या मी हे स्वतःच्या सोयीने आठवेन.

कात्रज ओलांडलं की ज्ञानोबा गप्प होतो. पुढे धरणाच्या कडेने, मग चढ. खालच्या गावातली शाळा हे शेवटचं पक्कं बांधकाम. त्याच्या वर रस्ता म्हणजे ओढ्याचाच कोरडा भाग. पाऊस आला की ओढा आपली जागा परत घेतो.

आठ घरी पोचवलं. बायका बोलल्या कमी. एकीने पिशवी उचलली आणि तिथेच बसली, पुन्हा उठलीच नाही. दुसऱ्या घरी पाणी मागितलं तर गूळ घालून दिलं. तो गूळ आत्ताच मी दिलेला.

ठकूबाई. माझ्या खांद्याइतकी. अंगणात चुलीसाठी काटक्या मोडत होती. ४१ तिच्या हातात दिली. तिने आधी धान्य पाहिलं नाही, पिशवी पाहिली. लाल नंबरावरून बोट फिरवलं. मग कोपरा चाचपला, मी कापून शिवलेला.

"हितं गाठ व्हती. कापली व्हय?"

"हो. सुटत नव्हती."

"मंग पेरली का?"

मला कळलं नाही.

"नाचनी हो. बियाची हाय, माज्या सासूच्या येळची. म्हनलं पुन्याची मानसं एवढं देत्यात, आपुन खायाचं काय देनार? बी द्यावं. दर म्हयन्याला थोडं थोडं गेलं म्हंजी वावरभर हुईल तुमचं. पेरली का न्हाई?"

मी म्हणाले, "पावसाची वाट बघतोय."

हे मी म्हणाले. बत्तीस वर्षं मुलांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं केलं आणि हे मी म्हणाले. ती खूश झाली. रोपं दाट लावू नका, वीतभर अंतर ठेवा, असं सांगत राहिली.

मग हळूच, सून आत गेल्यावर: "बाई, आमचं नाव का कटलं? आमचं काय चुकलं?"

सांगायचं ठरवून गेले होते. वाटेत ज्ञानोबासमोर वाक्यसुद्धा म्हणून पाहिलं होतं: ठकूबाई, चूक माझी आहे. तिन्ही लेकरं दारात उभी होती. मधलीचे केस तांबूस, विरळ. ते कशाने होतात हे मी पाठ्यपुस्तकातून शिकवलंय, आकृतीसकट.

मी म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "त्या मशीनीला आमचा अंगठाबी कळत न्हाई."

आणि मग मी आणखी एक गोष्ट सांगितली. शहाणपणा. म्हटलं, ठकूबाई, इथून पुढे पिशवीत काही घालू नका. रिकामीच द्या. धान्य दिसलं की ऑफिसला वाटतं तुमच्याकडे आहे, आणि नाव जातं. बाकीच्या घरीही तेच सांगून आले होते.

ती माझ्याकडे बघत राहिली. "रिकामी कशी द्याची बाई? बरं दिसतंय का?"

"द्या. माझ्यासाठी द्या."

ती चुलीकडे वळली. निघताना कोरा चहा दिला. चहा तीन घोट. आम्ही निघालो तेव्हा ती अंगणात पिशवी पोटाशी धरून उभी होती.

सोम., ५ जून

ज्ञानोबाने आज फक्त एवढं विचारलं, "बाई, का न्हाई सांगितलं?"

"धीर झाला नाही."

"हं," म्हणाला, आणि टायरला हवा भरायला गेला. वाईट वाटलं. रागावला असता तर कमी वाटलं असतं.

बुध., २१ जून

रजिस्टरचा शेऱ्याचा रकाना माझ्याकडून काढून घ्या असं श्रुतीला सांगितलं. म्हणाली, "काकू, उलट आता तुम्हीच लिहा. तुम्ही नीट लिहाल." विश्वास ठेवणाऱ्या माणसांची भीती वाटायला लागली आहे.

शनि., १५ जुलै

डोंगरात धो धो. रस्ता गेला. खालच्या गावाच्या वर वाहन नाही, माणूसही जपूनच. वाडीवर फोन लागत नाही, लागलाही कधी नव्हता.

माझं धान्य जुलैच्या सुरुवातीलाच संपलं असणार. आज पंधरा. मी रोज हिशेब करते, दिवसांचा. पाच माणसं, एवढा तांदूळ. म्हातारी स्वतः खात नसेल तर आणखी चार दिवस. मग मडक्यातलं बियाणं. पण ते तर पेरलं असेल. पेरलंच असेल ना? लेकरू रडलं तरी काढायचं नाही, असं ज्ञानोबा म्हणाला होता. लेकरू किती रडलं तरी, ते नाही म्हणाला.

आज घरी वरणभात, तूप, लिंबू. ह्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि मी उठून गॅलरीत गेले.

बुध., ९ ऑगस्ट

खालच्या गावातल्या शाळेच्या गुरुजींचा फोन श्रुतीला लागला. वाडीवरून कोण कोण उतरतं, पण ठकूबाई दिसलेली नाही. सून एकदा औषधाला आली होती. कुणाच्या औषधाला, ते गुरुजींना माहीत नाही. "बाकी सब ठीक आहे," म्हणाले. बाकी म्हणजे काय, ते मी श्रुतीला विचारत बसले. तिला तरी काय ठाऊक.

गुरुजींकडे थोडं धान्य ठेवता येईल का विचारलं. म्हणाले, पाठवा, पण वर नेणार कोण? ओढा छातीइतका आहे. तरी दोन पोती पाठवली. गावापर्यंत पोचली. पुढचं कळलं नाही.

सोम., ४ सप्टें.

ढोल-पथकांचा सराव सुरू. संध्याकाळी कान किटतात. खिडक्या लावून बसते.

नवी यादी आली. नऊही नावं परत. अध्यक्षांनी शब्द पाळला. ४१ साठी नवी पिशवी शिवली, नंबर घातला, भरली, आणि वर गूळ जास्तीचा टाकला. बुधवारी टेम्पो जाणार, पण खालच्या गावच्या शाळेपर्यंतच. गुरुजी वरच्या लोकांना निरोप देऊन बोलावणार.

ज्ञानोबाच्या डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालं. टेम्पोवर नवा ड्रायव्हर. वाडीतलं कुणीही त्याच्या ओळखीचं नाही. मला चिठ्ठी द्यायची होती, पण ठकूबाईला वाचता कुठे येतं. तरी त्याला दहादा बजावलं: ठकूबाई कशी आहे ते विचारून ये.

बुध., ६ सप्टें.

टेम्पो दुपारी आला. नवा ड्रायव्हर म्हणाला, शाळा बंद होती, गुरुजी मीटिंगला गेलेले. व्हरांड्यात जुन्या पिशव्यांचा गठ्ठा बांधून ठेवलेला होता, तो उचलला आणि भरलेल्या पिशव्या तिथल्या पोरांकडून व्हरांड्याच्या आतल्या बाजूला ठेवून घेतल्या. मोठं माणूस कुणी भेटलं नाही. "मी कुणाला विचारू मॅडम?"

गठ्ठा सोडला. आधी त्या नऊ शोधल्या.

१२: एक काकडी. कोवळी, देठासकट.
१७: तेरड्याची फुलं, चुरगळलेली.
२३: दोन हिरडे.
२८: कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ. आमच्याच मिठातलं.
३०, ३३, ३६: रानभाजीची जुडी, एक सुपारी, आणि ३६ मध्ये नुसतं एक पान, कशाचं ते ओळखू आलं नाही.
३९: मोरपीस.

मी सांगून आले होते, काही घालू नका म्हणून. एकीनेही ऐकलं नाही. आठ पिशव्या टेबलावर मांडल्या आणि हसू आलं, खरंच आलं. वाटलं, आहेत, सगळ्या आहेत.

मग ४१. गठ्ठ्याच्या तळाशी.

धुतलेली आहे. पण चार घड्या नाहीत, गुंडाळलेली आहे. गाठ नाही. झटकली नाही मी. हात घालून चारही कोपरे पाहिले, शिवण पाहिली, उलटी करून उजेडात धरली. दाणासुद्धा नाही.

रिकामी.

एकट्या तिनेच माझं ऐकलं असेल. तशी आहे ती, मोठ्या माणसाचा शब्द मोडायची नाही. मीच म्हणाले होते ना, माझ्यासाठी द्या. किंवा तिला कळलं असेल, नाव कुणामुळे गेलं ते. डोंगरात बातम्या आमच्या आधी पोचतात. मग तिने रिकामी देऊन मला जे सांगायचं ते सांगितलं असेल, आणि तिचं बरोबर असेल. किंवा बियाणं संपलं, फूल खुडायलाही कुणी उठत नाही. किंवा पिशवी धुणारे हात वेगळे होते. सुनेचे. चार घड्या घालायचं तिला माहीत नसेल. गाठ मारायचं माहीत नसेल.

गुरुजींचा फोन लावला. लागत नाही. पुन्हा लावला. सहा वेळा.

ज्ञानोबाच्या घरी गेले. डोळ्याला हिरवी पट्टी, खाटेवर बसला होता. पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने चाचपली, कोपरे, एकेक करून, माझ्यासारखेच. मग म्हणाला, "कसं जायचं?"

"सकाळच्या एसटीने. पुढे चालत. मी एकटी जाते, तू डोळा सांभाळ."

"वाट ठावं हाय का तुमास्नी?" म्हणाला, आणि बायकोला चपला काढून ठेवायला सांगितलं.

हे आत माझ्यासाठी काठी शोधताहेत. ओढा उतरला आहे म्हणतात. या वेळी कॉम्प्युटर नाही म्हणायचा. आधी पेरली नाही हे सांगायचं, मग बाकीचं. ती असेल तर तिला. नसेल तर सुनेला, लेकरांसमोर.

संध्याकाळी गोडाऊनमधून निघताना श्रुती रजिस्टर बंद करत होती. म्हणाली, "काकू, फोर्टी-वनचा रिमार्क राहिलाय."

म्हटलं, राहू दे. बघून येते, मग लिहीन.